पाण्याची चवथ

सरळ सांगते, मला ते नाव हवं होतं. निसर्गाच्या सान्निध्यात, स्वतःचा शोध, असलं काही मी बोलणार नाही. बोर्ली पंचतनच्या पुढे समुद्राला लागून साठ फुटांचा काळा कडा आहे. त्याच्या मधोमध खालपासून वरपर्यंत एक भेग आहे, आणि ती भेग अजून कुणीही धड चढलेलं नाही. आमचा कुलदीप या किनाऱ्यावरच्या चढायांचं पुस्तक करतोय. प्रत्येक चढाईखाली ती पहिल्यांदा करणाऱ्याचं नाव छापणार. त्या भेगेखाली मला 'कमळ घरत' असं छापलेलं बघायचं होतं. बस्स.

आता मी कोण, तर उरणला आमच्या कंटेनर वाहणाऱ्या ट्रेलरचं ऑफिस आहे, ते मी चालवते. वय सेहेचाळीस, वजन चौऱ्याहत्तर. पोरीला, अमिषाला, खारघरच्या क्लायंबिंगच्या भिंतीवर सोडायला जायचे आणि बाकावर बसून राहायचे. तिसऱ्या आठवड्यात बसून बसून डोकं फिरलं आणि म्हटलं, बघू तरी ही पोरं काय एवढी वर जातायत. अमिषानं महिनाभरात सोडलं. मी पाच वर्षं झाली, अजून जाते. नवरा हर्षद म्हणतो, "घरात माळ्यावरचे डबे काढायला मला चढवतेस, आणि तिकडे कडे चढतेस." म्हटलं, माळ्यावर कुणी टाळ्या वाजवत नाही.

तर सव्वीस जानेवारीची जोडून सुट्टी आली होती आणि आम्ही चौघं बोर्लीला मुक्कामाला गेलो. कुलदीप आमचा सर, पस्तिशीचा. शिवानी, कॉलेजची, अजून शिकतेय. प्रणय, तेवीस वर्षांचा, अंगावर तोळाभर चरबी नाही, आणि त्यालाही तेच नाव हवं होतं. त्याचं नाव आधी येणार याची त्याला इतकी खात्री होती की येताना गाडीतच विचारत होता, "सर, पुस्तकात पूर्ण नाव टाकणार की नुसतं पहिलं?"

"आधी चढ," मी म्हटलं.

"काकू, तुम्ही खालून बघा फक्त."

काकू! आमच्या ग्रुपमध्ये मी काकू. डब्यात तांदळाच्या भाकऱ्या आणते, टेप आणते, बँडेज आणते, आणि सगळ्यांचा दोर धरते. पुढे जाऊन दोर लावत चढणं, लीड म्हणतात त्याला, ते पोरं करणार. मी आपली वरून बांधलेल्या दोरावर नंतर जाणार. दोन हिवाळे मी या भेगेखाली उभी राहून दुसऱ्यांचे दोर धरले होते. या वेळी कुलदीपला मी निघायच्या आधीच बजावलं होतं की भेग मी लीड करणार. तो म्हणाला, "करा ना कमळताई. पण पहिल्यांदा प्रणयला जाऊ दे, त्याचं आधी ठरलंय." ठीक आहे, जाऊ दे.

नियम एकच. दोर फक्त पडलो तर वाचवायला. त्यावर बसायचं नाही, लटकायचं नाही, भेगेत अडकवलेल्या सामानाला हात लावून वर जायचं नाही. सगळं हातापायांनी. तसं केलं तर 'क्लीन', आणि क्लीन असेल तरच नाव.

भरती-ओहोटीचं खातं माझ्याकडे. कड्याच्या पायथ्याशी एक ओट्यासारखा सपाट दगड आहे. तिथे जायची वाट किनाऱ्याकिनाऱ्यानं खडकांतून, आणि ती फक्त पाणी उतरलेलं असताना उघडी असते. पोरं मोबाईलवर बघतात. मी कशाला बघू? माझ्या बापाचं मिठागर होतं. भरतीचं पाणी कधी घ्यायचं, कधी बांध लावायचा, हे आम्हाला शाळेच्या आधी शिकवलेलं. तिथीची पाऊणपट करायची, जेवढे येतील तेवढ्या वाजता भरती. शनिवारी संकष्टी होती. दिवसभर मी उपास केला, रात्री बोर्लीला चंद्र बघून सोडला. म्हणजे रविवारी पंचमी. पाच पाऊणं पावणेचार. पावणेचारला पूर्ण भरती, साडेनऊला ओहोटी, आणि ओट्याला पाणी लागणार पाऊण वाजता.

"नक्की ना ताई?" कुलदीपनं विचारलं.

"आता मला तू पाणी शिकव," मी म्हटलं.

तो हसला. मिठागरवाल्यांशी कोण वाद घालणार? सव्वाबारापर्यंत ओटा सोडायचा असं ठरलं. पावणेअकराला कुलदीप शिवानीला घेऊन पलीकडच्या सोप्या खडकावर गेला, अर्ध्या तासाच्या वाटेवर. भेगेखाली राहिलो प्रणय आणि मी.

काय दिवस होता! जानेवारी असून ऊन चटचटत होतं, वारा खारट, दगड अजून सावलीत आणि कोरडा ठणठणीत. भेगेत हात घातला की आतून गार लागायचं. मला तर जेवणही नको झालं होतं. प्रणयनं कमरेला सामान लटकवलं आणि निघाला. कॅम नावाचं एक स्प्रिंगचं यंत्र असतं, ते भेगेत घालून सोडलं की फुगतं आणि घट्ट बसतं. दर पाच-सहा फुटांवर एक कॅम घालायचा, त्यात दोर अडकवायचा आणि पुढे जायचं. पडलो तर शेवटच्या कॅमवर लटकतो, बाकी काही नाही. प्रणय झरझर गेला. मी दोर सोडत होते आणि पोटात नुसती आग, कारण तो खरंच सुंदर चढत होता.

पंचेचाळीस फुटांवर एक खोबण आहे, दोन पाय मावतील एवढी. तिथे तो थांबला नाही. पुढे पन्नासाव्या फुटाला भेग आवळते. मूठ जात नाही, नुसती बोटं जातात, तीही अर्धी. तिथे त्यानं दोनदा बोटं बदलली, पाय थरथरायला लागला, आणि "धराऽऽ" म्हणत खाली आला. मी धरला. पुन्हा गेला, पुन्हा पडला. तिसऱ्यांदा पडला तेव्हा त्यानं दगडाला अशी शिवी दिली की समुद्रानंही ऐकली असेल.

"खोबणीत थांबला असतास दहा मिनिटं," खाली आल्यावर मी म्हटलं. "हात भरून आलेले असतात, ते उतरू द्यायचे. मग जायचं."

"मला थांबायला आवडत नाही."

"म्हणूनच पडलास."

मला झाकता येत नाही, आनंद झाला होता. भेग अजून कुणाची नव्हती.

मी बूट घालत होते तेवढ्यात खडकांवरून एक बाई आली. काशी तिचं नाव, दोन हिवाळे ओळखीची. हातात कोयती, कमरेला कालवांचं भांडं. खडकावरची कालवं फोडून ती घराकडे निघाली होती. आमच्याकडे बघून थांबली.

"बाय, पानी फिरलं. चला आता."

"वेळ हाय अजून मावशी. पाऊण वाजता येईल इथवर."

"पाऊण कशाला? आज चवथ हाय."

"चवथ काल झाली. उपास केलाय मी."

"उपासाची चवथ येगळी, पान्याची चवथ येगळी," काशी म्हणाली.

आणि मी काय केलं? हसले! म्हटलं, "मावशी, मिठागरातली पोर हाय मी, मला नका शिकवू." तिनं माझ्याकडे एकदा बघितलं, मग प्रणयकडे बघितलं, आणि खडकांवरून निघून गेली. तेव्हा साडेअकरा वाजले होते.

प्रणयला मी खालच्या भेगेत एक कॅम घालून त्याला बांधून उभा केला, कारण मी पडले असते तर अठ्ठावन्न किलोचा तो वर उडाला असता. त्यालाही ते पटलं. मग मी हाताला टेप गुंडाळली, गणपतीचं नाव घेतलं आणि निघाले.

पहिल्या दहा फुटांतच कळलं की आज जमतंय. कसं सांगू? मूठ भेगेत घालायची, आत अंगठा वळवायचा, की हात असा बसतो की ओढूनही निघू नये. पाय तिरका घालायचा आणि त्यावर उभं राहायचं. मूठ, पाय, मूठ, पाय. कॅम घातला, दोर अडकवला, टक्क आवाज आला. मी मोठ्यानं हसत होते. खालून प्रणय ओरडला, "काकू, भारी! एकदम भारी!" आणि ते तो मनापासून ओरडला, हेही मला कळलं. पंधरा फूट, वीस फूट, तीस फूट. मी हळू जाते, पोरांसारखी पळत नाही. पण एकदाही हात सुटला नाही, एकदाही दोर ताणला नाही. पंचेचाळीस फुटांवरची खोबण हाताला लागली तेव्हा मी तिचा मुकाच घ्यायची राहिले होते.

खोबणीत उभी राहिले. कोपरापासून खाली हात नुसते दगड झालेले. माझा बेत ठरलेला होता. दहा-पंधरा मिनिटं इथे उभं राहायचं, एकेक हात खाली सोडून झटकायचा, बोटं पुन्हा माझी झाली की वरची आवळलेली भेग, आणि मग माथा. थांबणं नियमात बसतं. पायावर उभी आहे ना, मग कितीही वेळ थांबा. मला माहीत होतं की मी करणार. इतकं स्वच्छ मला आयुष्यात थोड्याच गोष्टींचं माहीत होतं.

उजवा हात झटकत खाली बघितलं.

ओटा दिसत नव्हता. प्रणय पोटरीपर्यंत पाण्यात उभा होता. लाट आली आणि कमरेपर्यंत भिजवून गेली. त्यानं एका हातानं दगड धरला होता, दुसऱ्या हातात माझा दोर, आणि वर माझ्याकडेच बघत होता.

"प्रणय! अरे केव्हापासून?"

"काही नाही काकू, तुम्ही चढा!"

"केव्हापासून विचारतेय मी!"

"बारापासून येतंय. तुमचं लक्ष जाईल म्हणून नाही बोललो!"

घड्याळ बघितलं, बारा वीस. ओटा सोडायची सव्वाबाराची वेळ चढायच्या नादात टळून गेली होती, पण पाऊण वाजायला अजून वेळ होता, आणि इथे पोराच्या कमरेला लाटा लागत होत्या. आणि तेव्हा, साठ फुटांच्या कड्यावर पंचेचाळीस फुटांवर उभं असताना, माझ्या टाळक्यात उजेड पडला. संकष्टी धरतात ती चंद्रोदयाला चतुर्थी असेल त्या दिवशी. शनिवारी सकाळी तृतीयाच होती, चतुर्थी नंतर लागली. मी रात्री चंद्र बघून उपास सोडला तो बरोबर. पण पाणी काय माझा उपास बघून चढतं का? रविवारी सकाळी चतुर्थीच चालू होती. चार पाऊणं तीन. पावणेचार नाही, तीन! पाऊण तासाची चूक, आणि ती त्या बाईनं मला तोंडावर सांगितली होती. आयला, मिठागरातली पोर म्हणे!

"पोहता येतं का तुला?"

"नाही!"

डावीकडे बघितलं. यायच्या वाटेवर नुसता पांढरा फेस होता. खाली उतरले असते तर मी कशीही पोहून गेले असते. याला घेऊन त्या खडकांतून, त्या लाटांत, नाही जमलं असतं. बाहेर पडायची एकच वाट होती, वरची. मी माथ्यावर पोचायचं, दोर बांधायचा आणि याला वर घ्यायचा. वरच्या आवळलेल्या टप्प्यातून हातांनी जायचं तर मार्ग दोनच. पंधरा मिनिटं थांबून क्लीन जायचं, किंवा आत्ता.

आत्ता गेले असते तर त्या भरलेल्या हातांनी पडले असते, प्रणयसारखीच. माझा झटका त्याला बसला असता, लाटेत उभ्या असलेल्याला. आणि थांबायचं म्हटलं तर ते पंधरा मिनिटं पाण्याला कोण सांगणार?

मी कमरेचा कॅम काढला, डोक्यावरच्या भेगेत घातला, ओढून बघितला. त्याला पट्टीचा फास अडकवला, फासात पाय घातला आणि सरळ पायरी चढावी तशी चढले. झालं. दोन वर्षांची भेग एका पायात गेली. दुसरा कॅम, पुन्हा फास, पुन्हा पाय. तिसऱ्याला तर सरळ हातानं धरून ओढून घेतलं स्वतःला. कसली क्लीन आणि कसलं काय! दोन-तीन मिनिटांत मी माथ्यावर गवतात पोटावर पडले होते.

बांधायला वेळ लागतो तेवढा लागलाच. दोन कॅम घातले, एका धोंड्याला पट्टी गुंडाळली, तिन्ही एकत्र केले आणि दोर आवळला. कड्यावरून डोकं काढून ओरडले, "सोड खालचं! ये!"

त्यानं खालचा कॅम काढला तेव्हा एक लाट त्याच्या छातीला लागली आणि तो अख्खा फिरला. दोर ताणला, मी टाच रोवून धरला. "तुला धरलंय!" मी ओरडत होते. "धरलंय रे, ये वर!" आणि मग तो आला. ओल्या बुटांनी, ओल्या हातांनी, मूठ, पाय, मूठ, पाय, आणि मी वरून दोर ओढतेय, ओढतेय, तोंडानं अखंड बडबड चालू. आवळलेल्या भेगेपाशी माझे फास अजून लोंबत होते. ते धरून वर आला असता तरी कुणी काही म्हटलं नसतं. पठ्ठ्यानं धरले नाहीत. बोटांनी गेला.

वर आल्यावर पालथा पडला. बुटातून पाणी ओघळत होतं. थोड्या वेळानं त्याच्या पाठीत हालचाल झाली. मला वाटलं रडतोय, म्हणून बघितलं तर हसत होता. मग मीही हसायला लागले. जिवंत असल्याचा इतका मोठा आनंद मला अमिषा झाली त्यानंतर आज झाला.

"माझी चूक," मी म्हटलं. "तिथीची. ती मावशी बरोबर होती, मी मूर्ख. आणि तू काय मुका होतास? पाण्यात उभा राहिलास गप्प?"

"तुम्ही इतक्या भारी चढत होता काकू," तो म्हणाला. "मधे बोलावंसं नाही वाटलं."

मी त्याच्या पाठीत एक गुद्दा घातला.

तेवढ्यात माथ्यावरच्या पायवाटेनं कुलदीप आणि शिवानी पळत आले. पलीकडून पाणी बघूनच ते निघाले होते. कुलदीपचा चेहरा पांढरा पडला होता. आम्हा दोघांना बघून तो आधी खालीच बसला. मग मला जे काय बोलायचं ते बोलला, आणि मी निमूट ऐकून घेतलं. माझ्याकडून असं फार वेळा होत नाही.

मग त्यानं कड्याच्या कडेवरून भेगेत वाकून बघितलं आणि हळूच विचारलं, "आणि भेगेचं काय झालं?"

"काकूंनी केली," प्रणय पटकन म्हणाला. "क्लीन."

शिवानीनं किंकाळी मारली आणि माझ्या गळ्यातच पडली. कुलदीप उठून उभा राहिला. "काय सांगतोस! लीड? पहिल्या प्रयत्नात?" माझा हात हातात घेऊन तो गदागदा हलवत होता. प्रणय माझ्याकडे न बघता बुटाच्या नाड्या सोडत होता. फास येताना त्यानंच काढून आणले होते, बाकीच्या सामानात मिसळून गेले होते. माझ्याशिवाय आणि त्याच्याशिवाय कुणालाही काही कळणार नव्हतं.

मी तीन-चार श्वास गप्प बसले. लपवत नाही, बसले. माझं नाव त्या पानावर छापलेलं मला दिसलंसुद्धा.

"खोटं कशाला बोलतोस रे मेल्या?" मी ओरडले. "कुलदीप, पंचेचाळीसपर्यंत क्लीन. वरचं दोनदा फासात पाय घालून आणि एकदा कॅम धरून आले. नाही झाली क्लीन."

कुलदीपनं माझा हात सोडला नाही, तेवढं मात्र खरं.

"काकू, माझ्यासाठी केलंत ते," प्रणय म्हणाला.

"तुझ्यासाठी केलं म्हणून क्लीन होत नाही ते." मला आता खरंच वाईट वाटायला लागलं होतं. वर फास घालताना अजिबात वाटलं नव्हतं, तिथे वेळच नव्हता. पंचेचाळीस फूट इतके सुंदर गेले होते.

"म्हणजे भेग अजून उघडीच आहे," शिवानी म्हणाली.

"उघडीच आहे," कुलदीप म्हणाला. "आणि उद्या सुट्टी आहे."

मी लगेच प्रणयकडे बघितलं, तर तो आधीच भेगेकडे बघत होता.

"उद्या पहिला नंबर तुमचा," तो म्हणाला.

"का? म्हातारी म्हणून?"

"नाही. मला वर घेतलंत म्हणून."

"वर तर घ्यायचंच असतं रे. एका दोराला असतो आपण. त्याचं बक्षीस नको मला. चिठ्ठ्या टाक."

शिवानीनं बिस्किटाच्या पुड्याचा कागद फाडला, दोन नावं लिहिली, चुरगाळली, हेल्मेटमध्ये हलवली आणि डोळे मिटून एक उचलली. कागद उघडून तिनं माझ्याकडे जरा घाबरतच बघितलं. प्रणयचं नाव होतं.

मी एक सणसणीत शिवी हासडली. मग उद्या त्याचा दोर कोण धरणार, हे कुणी विचारायच्या आधीच सांगून टाकलं, की मी.

"आणि पडलो तर?" प्रणयनं विचारलं.

"तर मी आहेच रांगेत," मी म्हटलं.

देवाशपथ सांगते, तो पडावा असं मला मनापासून वाटत होतं. आणि पडलाच तर त्याला खरचटूसुद्धा द्यायचं नाही, हेही तितकंच मनापासून.